तीनशे शहाऐंशीला निरोप

जानेवारी 1991. हेलसिंकीतला विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने नवा संगणक घेतला. आत इंटेलचा 386 प्रोसेसर, मेमरी अवघी 4 एमबी. याच यंत्रावर त्याने लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल लिहायला घेतला.

डिसेंबर 2012 मध्ये त्याच लिनक्समधून 386 चा आधार काढून टाकण्यात आला.

कारण रास्त होते. मेमरीतला आकडा तपासायचा आणि तो अपेक्षित असेल तरच बदलायचा, हे काम त्यानंतरचा 486 प्रोसेसर एका आज्ञेत करतो. 386 कडे ती आज्ञाच नाही. अनेक प्रोसेसर एकाच वेळी चालू लागले, तशी ही आज्ञा अत्यावश्यक झाली. एका जुन्या चिपसाठी वेगळ्या वाटा सांभाळताना प्रत्येक नव्या बदलात अडचण येई. कर्नल विकासक इंगो मोल्नार यांनी पाठवलेल्या बदलांत त्यासाठीच्या सुमारे 400 ओळी वगळल्या गेल्या.

ज्या अंगणात लिनक्स रांगले, ते सोडताना हळहळ वाटणारच. तरीही निर्णय योग्यच होता: 1985 च्या या चिपचे उत्पादन इंटेलने 2007 मध्येच थांबवले होते.

फेब्रुवारी 2013 ची 3.8 ही आवृत्ती 386 शिवाय आली. आधीच्या 3.7 चा कोड मात्र आजही कोणालाही मोफत उतरवून घेता येतो.