दंड नवऱ्याचा, पगार कुणाचा?

गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एका बाईसोबत कोर्टात गेले होते. मारझोडीची केस. स्टॅम्पसाठी म्हणून तिने पदराच्या गाठीला पाचशेची नोट बांधून आणली होती. म्हटलं, ठेव ती, लागणार नाही. तिचा विश्वासच बसेना.

खरं तर ही सवलत तीस वर्षांहून जुनी आहे. 1 ऑक्टोबर 1994 ला राज्य सरकारने मुंबई कोर्ट फी कायद्याच्या कलम 46 खाली अधिसूचना काढली: पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या चार बाबतींत बाई कोर्टात गेली तर फी माफ. राज्याचं पहिलं महिला धोरणही त्याच वर्षीचं. एका सहीत काम झालं. तिजोरीतून काही द्यायचं नव्हतं, येणारं थोडं सोडायचं होतं. म्हणूनच ते झालं, असं माझं मत.

पण अर्ज लिहून देणारं, पोलीस ठाण्यात सोबत बसणारं, रात्रीपुरता निवारा शोधणारं माणूस लागतं, आणि त्या माणसाला पगार लागतो. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात विशेष कक्ष सुरू केला, तो याच कामासाठी. पुढे 2005 चा घरगुती हिंसाचार कायदा ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला आणि संरक्षण अधिकारी आले. आले म्हणजे काय, आपल्याकडे सुरुवातीला दुसऱ्या खात्यांच्या अधिकाऱ्यांच्याच गळ्यात हे जादा काम बांधलं.

मग कुणीतरी म्हणतंच, मारणाऱ्याकडून वसूल करा की! त्याच कायद्याचं कलम 31 बघा. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडातून पीडितेला भरपाई द्यायची सोय फौजदारी संहितेच्या कलम 357 मध्ये होती, नव्या संहितेत ती 395 झाली. पण समुपदेशकाचा पगार त्यातून निघत नाही. शिवाय नवऱ्याचा दंड म्हणजे बऱ्याचदा पोरांच्या फीचेच पैसे.

अमेरिकेने हा मार्ग मोठ्या प्रमाणावर चालून पाहिलाय. 1984 मध्ये त्यांनी गुन्हेपीडितांसाठी निधी काढला, करातून नाही, केंद्रीय गुन्ह्यांच्या दंडातून. त्यातला मोठा वाटा बड्या कंपन्यांच्या दंडाचा. निवारागृहांना त्यातून मदत जाते. 2017 च्या आर्थिक वर्षात साडेसहा अब्ज डॉलर जमा झाले, पुढच्याच वर्षी अर्ध्या अब्जाच्याही खाली. कंपन्यांशी खटल्याऐवजी तडजोडी होऊ लागल्या होत्या आणि तो पैसा या निधीत येत नव्हता. 2021 मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला. मार खाणाऱ्या बाया काही त्या हिशोबाने कमी-जास्त होत नाहीत.

म्हणून मला तरी हा पगार बजेटमधूनच हवा, दरवर्षी, पूर्णवेळ माणसासाठी. आपल्या तालुक्याचा संरक्षण अधिकारी कुठे बसतो, कुणाला पक्कं ठाऊक असेल तर सांगा. त्या बाईची पुढची तारीख जवळ आलीय.