विस्तव, चूल आणि मराठी कथा

काडीपेटी घरोघरी पोचली नव्हती तेव्हा शेजारणीकडून खापरात विस्तव मागून आणण्याची रीत गावोगावी होती. पुंडलिकनगरात आज घरोघरी गॅस आहे; तरी त्या काळाचे शब्द आपल्या बोलण्यात टिकून आहेत. भाऊ विभक्त झाले की 'चूल वेगळी झाली', घरात दाणा नसला की 'चूल पेटली नाही', आणि दोघांचे हाडवैर असले की त्यांच्यातून 'विस्तव जात नाही'. मराठी कथाकाराला अग्नीचे प्रतीक बाहेरून आणावे लागले नाही. ते त्याला घरातच मिळाले.

पण सगळ्यांचे घर सारखे नव्हते. अण्णाभाऊ साठे (१९२०-१९६९) यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा पाहा. मुंबईच्या उपनगरातली खाण बंद पडते आणि भीमाचे काम जाते. चितेच्या राखेत त्याला सोने सापडते, आणि रात्री मसणवटा धुंडाळणे हाच त्याचा धंदा होतो. कुणाची तरी चिता पेटावी, तेव्हा याची चूल पेटते! शेवटी प्रेताच्या जबड्यात अडकून त्याची बोटे जातात, आणि खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी नेमकी तेव्हाच येते. परंपरेने पवित्र मानलेला चिताग्नी इथे पोटाच्या आगीपुढे फिका पडतो.

१९६३ साली बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह आला. शीर्षककथेतला तरुण परगावी जात लपवून राहतो. ती उघड झाल्यावर बेदम मार खातो. पण दोष देतो तो मारणाऱ्यांना नव्हे, मनूला. हे वाचताना २५ डिसेंबर १९२७ ची महाडची रात्र आठवल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. त्या आगीत एक ग्रंथ जळला, कुणाचे घर जळले नाही.

बाबासाहेबांनी १९५० मध्ये आपल्या शहरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, मिलिंद महाविद्यालय सुरू केले. या नागसेनवनातूनच साठच्या दशकाच्या उत्तरार्धात गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' उभे राहिले. इथे लिहू लागलेल्या पिढीच्या शब्दांत आग, ज्वाला, ठिणगी वारंवार येऊ लागल्या. काही समीक्षकांना ती घोषणाबाजी वाटली.

त्याचे उत्तर इतिहासानेच दिले. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांना जाळून मारण्यात आले. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. ज्यांनी आपल्या घराची राख उपसली, त्यांच्या लेखणीत 'आग' हा शब्द अलंकार म्हणून येत नाही. तो साक्ष म्हणून येतो.

म्हणून कथेत आग भेटली की केवळ 'क्रांतीचे प्रतीक' असे समासात लिहून पुढे जाऊ नये. दोन साधे प्रश्न विचारावेत. पेटवले कुणी? आणि जळते आहे ते काय? चूल, चिता, ग्रंथ की घर, यावर त्या आगीचा अर्थ ठरतो.