बेट्स, हेन्री वॉल्टर
(८ फेब्रुवारी १८२५–१६ फेब्रुवारी १८९२). इंग्रज निसर्गवैज्ञानिक. जन्म लेस्टर येथे. लहानपणीच शाळा सुटून मोजे-विणमालाच्या कारखानदाराकडे उमेदवारी. दिवसभर राबून रात्री तो मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटमध्ये शिके, तेथील पुस्तके वाची. सुटीत चार्नवुडच्या रानात कीटक गोळा करी. भुंगेऱ्यांवरील त्याचे छोटे टिपण १८४३ मध्ये ‘द झूऑलॉजिस्ट’मध्ये छापून आले. पुढच्या वर्षी अल्फ्रेड रसेल वॉलेसशी ओळख झाली. वॉलेसला भुंगेऱ्यांचा नाद बेट्सनेच लावला, ही गोष्ट सहसा विसरली जाते. बर्टनच्या ऑलसॉप बिअर कारखान्यातील कारकुनी त्याला रुचली नाही. विल्यम एडवर्ड्सचे ॲमेझॉनवरील प्रवासवर्णन वाचून १८४८ मध्ये बेट्स व वॉलेस दोघे ब्राझीलला निघाले. गोळा केलेले जादा नमुने लंडनला विकून खर्च भागवायचा, असा बेत होता. बेट्स तेथे ११ वर्षे राहिला.