लिस्बनच्या जुन्या वस्त्या : स्थलनामे, भूकंप आणि लाकडी सांगाडा

एखाद्या नगराचा इतिहास लिहिताना अभ्यासकाची दृष्टी प्रथम तेथील वास्तूंकडे वळते, हे स्वाभाविकच होय. वास्तू डोळ्यांना दिसतात. त्यांचा काळ ठरविता येतो. शैलीवरून त्यांचे वर्गीकरणही करता येते. परंतु पोर्तुगालची राजधानी लिस्बन हे असे नगर आहे की, जेथे केवळ दृश्य वास्तूंवर भिस्त ठेवणाऱ्याची फसगत होण्याचा संभव फार. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपाने या नगराचा मध्यभाग उद्ध्वस्त केला. आज जो भाग ऐतिहासिक नगरकेंद्र म्हणून ओळखला जातो, त्याचा मोठा हिस्सा भूकंपानंतर एका सरकारी आराखड्याबरहुकूम बांधलेला आहे. उलट, त्याहून कितीतरी प्राचीन असे जे काही उरले आहे, ते बऱ्याच अंशी वस्त्यांच्या नावांत आणि गल्ल्यांच्या वळणांत उरले आहे; आणि भूकंपोत्तर वास्तूंचे जे खरे वैशिष्ट्य, तेही भिंतींच्या आत दडलेले आहे. म्हणून लिस्बनच्या वस्त्यांचा विचार करताना दर्शनी भागापलीकडे जाणे अगत्याचे ठरते.

१. नावांतील इतिहास

प्रथम नगराचेच नाव पाहू. रोमन काळात हे नगर ओलिसिपो या नावाने प्रसिद्ध होते. इसवी सनाच्या आठव्या शतकात मुसलमानी सत्ता आल्यावर त्याचे अल्-उश्बूना झाले, आणि पुढे पोर्तुगीजांत लिज्बोआ. मूळ ‘प’चा ‘ब’ झाला तो अरबीत ‘प’ नसल्यामुळे, असे पुष्कळदा सांगितले जाते. पण हे अर्धेच खरे आहे. दोन स्वरांमधील ‘प’चा ‘ब’ होणे ही पोर्तुगीजांतील नित्य प्रक्रिया आहे; लॅटिन ‘कापिल्लुस’पासून ‘काबेलु’, म्हणजे केस, हा शब्द तसाच सिद्ध झाला. शेवटच्या ‘ओआ’चीही तीच कथा आहे. दोन स्वरांमधील ‘न’ पोर्तुगीजांत लोप पावतो. ‘लूना’चे ‘लुआ’, म्हणजे चंद्र, होते. इंग्रजीच्या द्वारे मराठीत आलेल्या ‘लिस्बन’ या रूपात मात्र तो ‘न’ अद्याप शाबूत आहे. ज्या नगराने स्वतःच्या नावातील वर्ण गमावला, त्याचा तो वर्ण परभाषेने जपला आहे.

नगरातील सर्वांत जुनी वस्ती आल्फामा. हे नाव अरबी ‘अल्-हम्मा’, म्हणजे उष्ण पाण्याचा झरा, यावरून आले. अरबी कंठ्य ‘ह’काराच्या जागी पोर्तुगीजांत ‘फ’ येतो. तुळशीच्या जातीच्या एका वनस्पतीस अरबीत ‘अल्-हबक’ म्हणतात, तिचे पोर्तुगीज नाव ‘आल्फाव्हाका’ असे आहे. वस्तीच्या पायथ्याशी कोमट पाण्याचे झरे होते आणि त्यांवर स्नानगृहे चालत असत, ही गोष्ट व्युत्पत्तीस पुष्टी देते. भूकंपात आल्फामाची हानी झाली, तरी तेथील गल्ल्यांची मांडणी बव्हंशी टिकली. आजची घरे पाहिली तर पुष्कळशी नंतरच्या काळात बांधलेली वा डागडुजी केलेली आढळतात. अरुंद बोळ, एकाएकी बंद होणाऱ्या गल्ल्या, उतारावरील पायऱ्या यांची गुंतागुंत मात्र मध्ययुगाची साक्ष देते. येथे घरांपेक्षा त्यांच्यामधील वाट अधिक पुरातन आहे.

शेजारची मोरारिया ही वस्ती निराळ्या कारणाने उत्पन्न झाली. ११४७ मध्ये राजा आफोंसु एन्रीकेश याने धर्मयोद्ध्यांच्या साहाय्याने लिस्बन जिंकले. नगरात राहिलेल्या मुसलमानांना ११७० मध्ये सनद देण्यात आली आणि किल्ल्याच्या उत्तर उतारावर, तटाबाहेर, त्यांची वस्ती वसली. मोरारिया म्हणजे मूरांची वस्ती. डिसेंबर १४९६ मध्ये राजा मानुएल याने ज्यू आणि मुसलमान यांना राज्याबाहेर घालविण्याची आज्ञा काढली. त्यानंतर मोरारियात मूर उरले नाहीत, नाव उरले. आल्फामातील एका गल्लीस आजही ‘रुआ दा जुदियारिया’, म्हणजे ज्यू वस्तीची गल्ली, असे म्हणतात. तिची कथाही हीच. माणसे हद्दपार करणाऱ्या राजाज्ञेला त्यांच्या वस्तीचे नाव हद्दपार करता आले नाही, आणि ते करावे असे कोणास सुचल्याचेही दिसत नाही.

२. दप्तर वाचविणारा अभियंता

१७५५ चा भूकंप सर्व संतांच्या सणादिवशी सकाळी झाला. पाठोपाठ तागुश नदीच्या मुखातून समुद्राच्या प्रचंड लाटा आत शिरल्या आणि नंतर लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. हजारो लोक प्राणांस मुकले. नदीकाठचा राजवाडा, त्याच वर्षी उघडलेले ऑपेरागृह, राजग्रंथालय ही सर्व नष्ट झाली. आशियातील व्यापाराचा कारभार पाहणारी ‘काझा दा इंदिया’ ही कचेरी दप्तरासह नाहीशी झाली. हिंदुस्थान आणि पोर्तुगाल यांच्या संबंधांचा इतिहास लिहिणाऱ्या अभ्यासकास या दप्तराची उणीव आजही पावलोपावली जाणवते.

राज्याचे मुख्य दफ्तरखाने मात्र वाचले. ‘तोर्रे दु तोंबु’ नावाचा हा दफ्तरखाना किल्ल्याच्या बुरुजात होता. बुरूज कोसळला, पण ढिगाऱ्याखालील कागदपत्रे बाहेर काढून सुरक्षित ठेवण्यात आली. हे काम करविणारा दफ्तरपाल मानुएल द माइया हाच राज्याचा प्रमुख अभियंताही होता. त्या वेळी त्याचे वय ७८ वर्षांचे होते. नव्या नगराविषयीचा विचार लेखी मांडण्याचे कामही त्याच्याकडेच आले. डिसेंबर १७५५ ते मार्च १७५६ या अवधीत त्याने आपला प्रबंध तीन भागांत सादर केला.

माइयाने पाच मार्ग सुचविले होते. नगर होते तसेच पुन्हा बांधावे. घरांची उंची तीच ठेवून रस्ते रुंद करावेत. रस्ते रुंद करून घरांची उंचीही कमी करावी. खालचा सारा भाग, म्हणजे बायशा, सपाट करून नव्याने आखावा. अथवा जुने नगर सोडून पश्चिमेस बेलेंच्या बाजूला नवे नगर वसवावे. प्रत्येक मार्गाचे गुणदोष त्याने निर्विकारपणे नोंदविले आहेत. राजा पहिला जुझे याचा मंत्री आणि पुढे मार्केश द पोंबाल म्हणून प्रसिद्ध झालेला सेबाश्तियांव जुझे द कार्व्हाल्यु इ मेलु याच्या कारकिर्दीत चौथा मार्ग स्वीकारला गेला.

ज्या पुरुषाने राज्याचे कागद ढिगाऱ्यातून वाचविले, त्याच्याच हातून जुन्या गल्ल्या मिटविण्याचा आराखडा सिद्ध व्हावा, यात वरवर पाहता विसंगती दिसते. परंतु तत्कालीन राज्यकर्त्यांच्या दृष्टीने ती नव्हती. २९ नोव्हेंबर १७५५ च्या आज्ञेने उद्ध्वस्त भागातील रस्ते, चौक आणि घरे यांची मोजणी करून नोंद ठेवण्याचे काम सुरू झाले होते. मिळकतींचे हक्क या नोंदीवरून ठरावयाचे होते. गल्ली कागदावर उतरली की जमिनीवरील गल्लीची गरज संपते, अशी ही धारणा होती. जुन्या नगराची स्मृती दप्तरात राहील आणि जमीन भविष्यास मोकळी होईल, असा तो व्यवहार होता.

३. पिंजरा

नव्या बायशाची आखणी एउजेनियु दुश सांतुश याच्या आराखड्यानुसार १७५८ मध्ये निश्चित झाली. १७६० मध्ये त्याचा मृत्यू झाल्यावर हंगेरीतून आलेल्या कार्लुश मार्देल याने काम पुढे नेले. उत्तरेस रोसियु आणि दक्षिणेस नदीकाठचा विस्तीर्ण चौक या दोहोंना जोडणारे सरळ रस्ते आणि त्यांना काटकोनात छेदणारे आडवे रस्ते, अशी ही रचना आहे. मुख्य रस्त्यांची रुंदी ६० वीत, म्हणजे सुमारे १३ मीटर, ठरविण्यात आली. काटकोनी आखणी लिस्बनमध्ये पूर्वी नव्हती असे मात्र नव्हे. १५१३ पासून तटाबाहेर वसत गेलेल्या बायरू आल्तू या वस्तीच्या गल्ल्या बऱ्याच अंशी सरळच आहेत. नवीन गोष्ट होती ती आज्ञेची व्याप्ती. घरमालक कोणीही असो, त्याच्या घराचा दर्शनी भाग, खिडक्यांची मांडणी आणि मजल्यांची उंची ठरलेल्या नमुन्याप्रमाणेच असावी लागे.

या घरांचा दर्शनी भाग साधा, जवळजवळ रूक्ष आहे. त्यांचे मर्म आत आहे. नदीकाठची जमीन भुसभुशीत असल्याने पायाखाली पाइन वृक्षाचे खुंट ठोकले गेले. तळमजला दगडी कमानींचा. त्यावरील मजल्यांत भिंतींच्या आत लाकडी चौकट. उभे खांब, आडव्या तुळया आणि त्यांच्यामध्ये फुलीच्या आकारात बसविलेली तिरपी लाकडे, असा हा सांगाडा असून मधल्या पोकळ्या दगडविटांचे तुकडे आणि चुना यांनी भरून वरून गिलावा केला जाई. यास ‘गायोला’, म्हणजे पिंजरा, असे नाव पडले. भूकंपाचा हादरा बसल्यास दगडी भिंत तडकली तरी लवचीक लाकडी सांगाड्याने मजले तोलून धरावेत, हा त्यातील हेतू. या सांगाड्याची चाचणी घेण्यासाठी त्याभोवती सैनिकांना पावले आपटीत चालविले होते, अशी परंपरागत कथा आहे. आग पसरू नये म्हणून दोन घरांमधील भिंत छपराच्या वर नेली जाई. लाकडाचे आणि दगडाचे भाग ठराविक मापांनी आगाऊ तयार करून आणल्यामुळे बांधकामास वेग आला. भूकंपरोधक बांधणी संपूर्ण नगरभागास सक्तीने लागू करण्याचा हा युरोपातील अगदी आरंभीचा प्रयत्न होय.

४. आज्ञेने दिलेली नावे

५ नोव्हेंबर १७६० च्या आज्ञेने बायशाच्या रस्त्यांना नावे देण्यात आली आणि कोणत्या रस्त्यावर कोणत्या धंद्याची दुकाने असावीत हेही ठरविण्यात आले. सोनार एका रस्त्यावर, चांदीकाम करणारे दुसऱ्या. चांभार, सोन्याचा मुलामा देणारे, चामड्याचे पट्टे व खोगिरे करणारे यांना आपापल्या गल्ल्या. राजघराण्याचा गौरव करणारी नावेही होती. आडव्या रस्त्यांपैकी सांव जुलियांव, सांव निकोलाव यांसारख्यांना मात्र त्या भागातील जुन्या चर्च-विभागांची नावे मिळाली. अशा रीतीने मिटविलेल्या नगराचा पुसटसा ठसा नव्या नकाशावर उमटला.

या नावांचे पुढे काय झाले, हे बोधप्रद आहे. १९१० मध्ये प्रजासत्ताक आल्यावर राणीच्या नावाचा रस्ता ‘चांदीचा रस्ता’ झाला आणि राजकन्येच्या नावाचा रस्ता कापडविक्यांचा झाला. राजघराण्याची नावे गेली, धंद्यांची टिकली. नदीकाठच्या चौकास पोंबालच्या काळात ‘प्रासा दु कोमेर्सियु’, म्हणजे व्यापाराचा चौक, असे नाव मिळाले. परंतु लिस्बनचे लोक त्यास आजही ‘तेरेरू दु पासू’, म्हणजे वाड्यापुढील पटांगण, असेच म्हणतात. वाडा १७५५ मध्येच नष्ट झाला आहे. तरी २००७ मध्ये तेथे भुयारी रेल्वेचे स्थानक उघडले तेव्हा त्यासही वाड्याचेच नाव मिळाले. आज्ञेने दिलेले नाव लोकांच्या व्यवहाराशी जुळले तर रुजते, न जुळल्यास पाटीपुरते उरते, असा निष्कर्ष यावरून काढता येतो.

नाव आणि आराखडा दोन्ही असूनही वस्ती उभी राहत नाही, याचे उदाहरण गोव्यात सापडते. ओस पडत चाललेले जुने गोवे पुन्हा उभारावे, असे आदेश पोंबालने १७७४ मध्ये पाठविले. पण रोगराईने जेथून लोक निघून गेले होते तेथे ते परत आले नाहीत. १८४३ मध्ये पणजीला राजधानीचा अधिकृत दर्जा मिळाला. लिस्बनमध्ये घरे पडली होती, पण रहिवासी होते. जुन्या गोव्यात रहिवासीच उरले नव्हते.

५. जतन कशाचे?

विसाव्या शतकात लिस्बनच्या जुन्या वस्त्यांवर दुसरे संकट आले. मोरारियाचा खालचा भाग आरोग्य आणि वाहतूक यांच्या नावाखाली पाडण्यात आला. १९४६ मध्ये आलेग्रेत मार्केशचा वाडा आणि १९४९ मध्ये सोकोर्रूचे चर्च गेले. त्या जागी कित्येक वर्षे नुसते मोकळे मैदान राहिले. माइयाने पाडण्यापूर्वी पाच पर्याय लिहून काढले होते. येथे आधी पाडले गेले आणि काय बांधावे याचा विचार मागाहून होत राहिला. पुढे या परिसरात बांगलादेश, नेपाळ, भारत या देशांतून आलेले अनेक लोक स्थायिक झाले. जितांसाठी तटाबाहेर वसविलेली वस्ती पुन्हा परक्यांची वस्ती झाली, आणि तिचे नाव पुन्हा एकदा सार्थ ठरले.

२५ ऑगस्ट १९८८ रोजी शियादू भागात मोठी आग लागली. पुनर्रचनेचे काम वास्तुशिल्पी आल्व्हारु सिझा यांच्याकडे आले. त्यांनी नवी शैली न आणता पोंबालकालीन दर्शनी भागच पुन्हा उभे केले. जुन्या नगरास मिटवून जन्मलेले बांधकाम आता स्वतःच जपण्याची वस्तू झाले होते. हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. परंतु त्यातून एक गैरसमज दृढ होण्याचा धोका आहे. दर्शनी भाग राखला म्हणजे वास्तू राखली, असे समजून बायशातील अनेक घरांत दुकानांना वा खोल्यांना मोकळी जागा मिळावी म्हणून आतील लाकडी भिंती काढून टाकण्यात आल्या आहेत. रस्त्यावरून पाहणाऱ्यास काहीच बदललेले दिसत नाही. पण ज्यासाठी ते घर बांधले गेले, तो पिंजरा तेथे उरत नाही. आणि लिस्बनची भूमी तर भूकंपप्रवण आहे तशीच आहे.

आल्फामातही हेच निराळ्या रूपाने घडत आहे. प्रवाशांना अल्पकाळ भाड्याने देण्यासाठी इतकी घरे वापरली जाऊ लागली की, २०१८ मध्ये नगरपालिकेला आल्फामा, मोरारिया, बायरू आल्तू इत्यादी वस्त्यांत असे नवे परवाने देणे स्थगित करावे लागले. घराच्या बाबतीत जो सांगाडा, तोच वस्तीच्या बाबतीत रहिवासी. दोन्ही बाहेरून दिसत नाहीत, आणि दोन्ही काढून घेतले तरी दर्शनी भाग काही काळ उभा राहतो.

यास्तव लिस्बनच्या इतिहासाकडे पाहताना शैलींची यादी पुरेशी नाही. मोरारिया हे नाव मूर गेल्यावर पाचशे वर्षे टिकले, कारण त्या वस्तीत कोणी ना कोणी राहत होते आणि ते नाव उच्चारीत होते. नाव टिकते ते बोलणाऱ्यांच्या मुखात. घर टिकते ते भिंतीआडच्या लाकडावर. दप्तरात नोंद करून ठेवली म्हणजे स्मृतीची व्यवस्था लागली, हा १७५५ मधील विश्वास आणि दर्शनी भाग राखला म्हणजे वारसा राखला, हा अलीकडचा विश्वास, या दोहोंतील चूक एकाच जातीची आहे.