थोरोची मूस-शिकार

मृगयेच्या सामानांत छत्री न्यावी, असें कोणत्याही शिकाऱ्यानें लिहिलेलें आमच्या वाचनांत नाहीं. परंतु सन १८५३ च्या सप्टेंबरांत अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यांतील मेन संस्थानच्या अरण्यांत जी मंडळी मूस-मृगाच्या शिकारीस गेली, तींत एक छत्री होती, व तिचा मालक हेन्री डेव्हिड थोरो हा होता. गांधीजींमुळें हें नांव आपल्याकडे घरोघर पोंचलें आहे. वॉल्डनच्या तळ्याकांठीं गीता वाचणारा हा मनुष्य शिकारींत शिरला कसा, असें विद्यार्थी आम्हांस वर्गांत विचारतात.

बेत मुळांत त्याचा नव्हता. बँगोर गांवच्या त्याच्या एका आप्तानें तो योजिला, आणि सर्वांआधीं वाटाड्या पक्का केला. हें शहाणपणाचें होतें. मूस हा सांबराच्या कुळांतला, पण घोड्याहून उंच. दलदलींत आणि ओढ्यांच्या कांठीं चरणारा. कटाडिन पर्वताच्या आसपासच्या त्या रानांत आंत शिरण्यास नद्या हाच मार्ग, आणि बर्चच्या सालीची होडी हेंच वाहन. ती वल्हविणें, दोन पाण्यांमध्यें जमीन आली कीं ती डोक्याखांद्यावर घेणें, माग काढणें, पडलेलें जनावर सोलणें हें सारें ज्या एका माणसास येत होतें, त्याच्या भरंवशावर सारी मोहीम उभी होती. तो म्हणजे जो एटियन. पेनॉबस्कॉट जमातीच्या प्रमुखाचा मुलगा, वय वर्षें २४.

बाकीची तयारी साधी होती. बोस्टनहून बँगोरपर्यंत आगबोट, पुढें मूसहेड सरोवरापर्यंत उघडी घोडागाडी, सरोवरावर पुन्हां लहानशी आगबोट, आणि मग पेनॉबस्कॉट नदीच्या पश्चिम शाखेनें चेसनकुक सरोवराकडे. शिधा म्हणजे कडक बिस्किटें, डुकराचें खारवलेलें मांस, धुरावलेलें गोमांस, चहा, साखर. एका पलटणीस पुरेल एवढा तो ढीग पाहून थोरोस आपल्या पोटार्थी जिण्याची लाज वाटली. महिना मात्र विचारपूर्वक निवडलेला दिसतो. सप्टेंबरांत मुसांचा माजाचा काळ सुरू होतो, व बर्चच्या सालीच्या शिंगांतून मादीसारखी साद घालून नरास जवळ आणतां येतें. जो यानें चांदण्यांत पुष्कळ साद घातली. एकही मूस आला नाहीं.

थोरोनें स्वतःसाठीं एक सोयीची भूमिका ठरविली होती. आपण शिकारी नव्हे. पलटणीबरोबर धर्मोपदेशक जातो तसे आपण जात आहों, मूस जवळून पाहावा व इंडियन मनुष्य त्यास कसा मारतो हें समजून घ्यावें, एवढाच हेतु. आपण याला संजयाची भूमिका म्हणूं. मात्र संजय कुरुक्षेत्राच्या होडींत बसून वल्हें मारीत नव्हता!

आणि मूस मिळाला. कांठावर एक मादी व तिचें वाढतें पिल्लूं दिसलें. आप्तानें बार काढले. दोन्ही जनावरें रानांत दिसेनाशीं झालीं, पण कांहीं वेळानें मादी ओढ्यांत मरून पडलेली सांपडली. अंग अद्याप ऊन होतें. थोरोनें होडीची दोरी घेऊन, गांठी मारमारून तिचीं मापें घेतलीं. दोरी परत द्यावयाची म्हणून रात्रीं तींच मापें छत्रीच्या लांबींत उतरून घेतलीं. दरम्यान जो खिशांतल्या चाकूनें कातडें सोलीत होता, आणि चिरलेल्या कांसेंतून ऊन दूध वाहत होतें. हें थोरोनें लपविलें नाहीं. बहुतेक मांस तेथेंच टाकून मंडळी निघाली. त्या रात्रीं इतर पुन्हां शिकारीस गेले. तो शेकोटीजवळ राहिला. अशी शिकार म्हणजे शेजाऱ्याचे घोडे रात्रीं जाऊन मारण्यासारखी आहे, असें त्यानें लिहिलें, व त्या वधांतील आपला वांटाही कबूल केला. आमच्या मतें त्याच्या प्रवासवर्णनांत याहून प्रामाणिक पानें थोडीं. १८५८ सालीं तो लेख अटलांटिक मासिकांत आला, तेव्हां संपादक लॉवेल यानें पाइन वृक्षाच्या अमरत्वाविषयींचें एक वाक्य न विचारतां गाळलें. थोरोनें खरमरीत पत्र लिहिलें. मुसाच्या मृत्यूनें व्याकुळ झालेल्या माणसाचें झाडाविषयींचें बोलणें संपादकास पेललें नाहीं!

पण एक उणीव आम्हांस खटकते, व ती प्रथम मेनच्याच एका लेखिकेनें, फॅनी हार्डी एक्स्टॉर्म यांनीं, १९०४ सालीं दाखविली. मुसाच्या खुरापासून खांद्यापर्यंतचें माप घेणाऱ्या या निरीक्षकास जो एटियन हा माणूस दिसलाच नाहीं. त्याचा तांबडा सदरा दिसला, त्याचें शीळ घालणें ऐकूं आलें. जणूं तोही एका जातीचा नमुना! पुढें हाच जो नदीतून ओंडके वाहून नेणाऱ्या टोळ्यांचा मोठा नायक झाला, आणि १८७० च्या ४ जुलैस पेनॉबस्कॉटच्या त्याच पश्चिम शाखेवर होडी धबधब्यांत सांपडून बुडाला.

थोरो त्यापूर्वींच, ६ मे १८६२ रोजीं, क्षयानें वारला होता. शेवटीं त्याच्या तोंडून दोनच शब्द स्पष्ट ऐकूं आले, असें सांगतात: ‘मूस’ आणि ‘इंडियन’.