आम्लपाऊस, मुळांवरची बुरशी आणि आपल्या मंगरूळची रोपं

पोस्ट जरा लांब आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका मुरमाड माळावर आम्ही काही जणांनी रोपं लावली होती. खड्डे झाले, फोटो झाले, पाणीही घातलं. पुढच्या उन्हाळ्यात गेलो तर बहुतेक खड्ड्यांत वाळक्या काड्या उभ्या. तिथे गुरं चारणारे एक काकाजी म्हणाले, "मास्तर, ह्या मातीत जीवच नाही. झाड कसं जगन?" मी तेव्हा हसलो होतो. नंतर वाचत गेलो तसं कळलं, की काकाजींचं ते एक वाक्य समजायला शास्त्रज्ञांना शंभर वर्षं लागली.

गोष्ट सुरू होते 1885 साली जर्मनीत. आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक या वनस्पतिशास्त्रज्ञाला प्रशियाच्या सरकारने काम दिलं होतं, की जमिनीखाली येणारी ट्रफल नावाची महागडी अळिंबी शेतात पिकवता येईल का ते बघा. ट्रफलची शेती काही त्याला जमली नाही, पण झाडांची मुळं तपासताना बारीक मुळांवर बुरशीचं आवरण दिसलं. हा रोग नाही, ही भागीदारी आहे, असं त्याने मांडलं आणि तिला नाव दिलं मायकोरायझा, म्हणजे बुरशी-मूळ. झाड बुरशीला पानांत तयार झालेली साखर देतं. बुरशी आपले केसाहून बारीक धागे लांबवर पसरून झाडाला स्फुरद, पाणी, जस्त आणून देते. आपल्याकडच्या भाषेत बटईचा सौदा म्हणा. तेव्हा अनेकांनी फ्रँकला वेड्यात काढलं. पण जंगलातली जिवंत माती आणि उकळून निर्जीव केलेली माती अशा दोन्हींत पाइनची रोपं वाढवून त्याने फरक दाखवून दिला.

त्याच शतकात इंग्लंडमध्ये दुसरी गोष्ट घडत होती. रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने 1852 मध्ये मँचेस्टरच्या पावसाचा अभ्यास मांडला आणि 1872 च्या पुस्तकात 'आम्लपाऊस' हा शब्द वापरला. कोळसा जळला की त्यातला गंधक धुरावाटे वर जातो आणि पावसाबरोबर आम्ल होऊन खाली येतो. स्वच्छ हवेतल्या पावसाचा सामू साधारण 5.6 असतो. त्याच्या खाली गेला की तो आम्लपाऊस.

या दोन गोष्टींची गाठ पडली 1970-80 च्या दशकात. जर्मनीतली जंगलं वाळायला लागली. गॉटिंगेनच्या बर्नहार्ड उलरिख यांनी सांगितलं, की घाव नुसता पानांवर नाही, मातीतही आहे. आम्लपाऊस मातीतला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन नेतो. वरून मातीच्या कणांत बंद असलेलं ॲल्युमिनियम मोकळं होतं, आणि ते कोवळ्या मुळांच्या टोकांना विषासारखं आहे. मोठ्या झाडाची मुळं खोल असतात, खोडात साठा असतो. रोपाचं सगळं भांडवल वरच्या वीतभर मातीत. म्हणून पहिला मार रोपालाच बसतो.

इथेच बुरशी कामाला येते. तिचे काही प्रकार ॲल्युमिनियमसारखे धातू आपल्या धाग्यांत अडकवून ठेवतात, काही ऑक्झॅलिक आम्ल सोडून त्यांना बांधून टाकतात. आणखी एक मोठं काम 2002 मध्ये जोएल ब्लम आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये मांडलं. अमेरिकेतल्या हबर्ड ब्रूक जंगलात त्यांना दिसलं, की स्प्रूस आणि फरसारखी झाडं मुळांवरच्या बुरशीच्या मदतीने ॲपेटाइट नावाच्या खनिजातून कॅल्शियम मिळवतात. मातीतलं कॅल्शियम धुऊन गेलं तरी दगडात शिल्लक आहे, आणि ते काढायची किल्ली बुरशीकडे आहे.

त्याआधीच, 1970 च्या दशकात, अमेरिकेच्या वन विभागाचे डोनाल्ड मार्क्स यांनी पिसोलिथस नावाची बुरशी लावलेली पाइनची रोपं कोळसा खाणींच्या अतिआम्ल ढिगाऱ्यांवर जगवून दाखवली होती. त्याहून साधं उदाहरण प्वेर्तो रिकोचं. तिथे कित्येक वर्षं पाइन लावले आणि ते खुरटून मेले. 1955 साली पाइनच्या जंगलातली माती आणून रोपांना दिली, तेव्हा झाडं उभी राहिली.

आता म्हणाल, हे सगळं अमेरिका-जर्मनीचं, आपला काय संबंध?

संबंध आहे, आणि तो आपल्याच विदर्भात आहे. नागपूरच्या नीरी संस्थेत डॉ. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सावनेर तालुक्यातल्या गुमगाव इथे मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर काम केलं. साखर कारखान्याचा प्रेसमड, नत्र धरणारे जिवाणू आणि मायकोरायझा बुरशी असं एकत्र देऊन तिथे झाडं उभी केली. खापरखेडा वीज केंद्राच्या राखेच्या ढिगाऱ्यावर 10 हेक्टरांत हेक्टरी 50 टन शेणखत आणि हीच जिवाणू-बुरशी वापरली. आधी त्या राखेत मायकोरायझाचे बीजाणू जवळपास नव्हते. नंतर 10 ग्रॅममध्ये 35 मिळाले, आणि तांबं, निकेल, शिसं यांचा विषारीपणा जवळजवळ निम्म्याने उतरला. हे निष्कर्ष 2008 मध्ये छापून आले आहेत. म्हणजे कोळशाच्या राखेवर जे जमलं, ते आपल्या माळावर जमू नये?

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. मंगरूळपीरला आज आम्लपाऊस झाडं मारतोय, असं मी म्हणत नाही. आपली काळी माती बेसाल्टची, चुनखडीची. ती आम्ल पचवते. हवेतली धूळही तेच करते. पण ज्या मुरमावर आपण रोपं लावतो, तिथे ही काळी माती असते कुठे? रस्ते झाले, समृद्धी आपल्या तालुक्यातून गेला, जागोजागी खोदकाम झालं. वरचा मातीचा थर गेला की बुरशीही गेली. शिवाय काळ्या मातीत स्फुरद चुन्याशी बांधला जातो आणि आम्ल मातीत ॲल्युमिनियम-लोहाशी. दोन्हीकडे रोप उपाशी राहतं, आणि दोन्हीकडे घास भरवणारी बुरशीच.

आणि पाऊस कायम असाच राहील याची हमी नाही. हवामान खात्याच्या देशभरातल्या दहा केंद्रांवर 1987 पासून पावसाचं पाणी तपासलं जातंय. त्यात नागपूर आणि पुणेही आहेत. बहुतेक ठिकाणी सामू हळूहळू उतरतोय. वीज केंद्रांच्या धुरातला गंधक कमी करायचा नियम डिसेंबर 2015 मध्ये झाला, मुदत वाढत गेली, आणि जुलै 2025 मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, पारस सगळे आपल्या विदर्भातच आहेत. वीज आपल्याला हवीच. पण धुराचा हिशेबही कोणीतरी विचारला पाहिजे.

कोणी म्हणेल, बुरशी आहे ना, मग धूर कशाला थांबवायचा? त्याचं उत्तर परत हबर्ड ब्रूकमध्ये आहे. तिथे 1999 मध्ये एका पाणलोटात हेलिकॉप्टरने कॅल्शियमयुक्त खनिज टाकलं. नंतर मेपलची रोपं तपासली. कॅल्शियम दिलेल्या भागात मुळांच्या 22.4 टक्के लांबीवर बुरशी होती, न दिलेल्या भागात फक्त 4.4 टक्के. म्हणजे आम्लाने कंगाल झालेल्या जमिनीत राखणदारच आजारी पडतो. बुरशी रोपाला वाचवते, पण तिला वाचवायचं काम आपलं आहे.

2017 ते 2019 मध्ये राज्यात 50 कोटी झाडं लावायचा कार्यक्रम झाला. 2019 चं एकट्याचं लक्ष्य 33 कोटींचं. खड्ड्यांचा आकडा सगळ्यांना पाठ होता. खड्ड्यातली माती जिवंत आहे का, हे आमच्या माळावर तरी कोणी विचारलं नाही. मीही नाही.

म्हणून आता मी एवढं करतो, तुम्हीही करून बघा:

- गावातल्या जुन्या, निरोगी कडुनिंब, पळस किंवा बाभळीखालची, बारीक मुळं असलेली ओंजळभर माती रोपाच्या मुळाशी घालायची. झाडाचं मूळ उघडं पाडायचं नाही.
- खड्ड्यात शेणखत द्यायचं, पण मूठभर डीएपी ओतायचं नाही. स्फुरद फुकट मिळाला की झाड बुरशीशी सौदाच करत नाही.
- गरज नसताना मुळाशी बुरशीनाशक ओतायचं नाही.
- रस्त्याचं, तलावाचं काम निघालं तर वरचा वीतभर मातीचा थर वेगळा राखून ठेवा, असं ग्रामसभेत लिहून मागायचं. रोपवाटिकेत जिवंत माती किंवा मायकोरायझा वापरता का, हेही विचारायचं.

मागच्या पावसाळ्यात त्याच माळावर थोडीच रोपं अशी लावली. काही गेली, पण यंदा मे महिन्यात बरीच हिरवी होती. हा काही प्रयोगशाळेचा पुरावा नाही. काकाजींना दाखवलं तर ते एवढंच म्हणाले, "आता कसं, मातीत जीव टाकला तुम्ही."

तुमच्या गावात गेल्या पाच वर्षांत किती झाडं लावली आणि आज किती उभी आहेत, ते खाली लिहा. फोटो नको, आकडा लिहा.