खिळ्यांनी जपलेले सूर

वाजवणारा निघून गेला तरी वाजणे मागे राहावे, ही माणसाची फार जुनी हौस आहे. देवळातला सनईवाला थकतो, घरी जातो, आणि एके दिवशी जगातूनही जातो. मग त्याच्या फुंकरीचे काय होते, हा प्रश्न लहान मुलालाही पडतो. पश्चिमेकडील कारागिरांनी या प्रश्नाला आपल्या परीने एक उत्तर दिले. ते म्हणजे आपोआप वाजणारी वाद्ये. किल्ली द्यावी, नाहीतर मूठ फिरवावी, की झाले. वादकाचे कारणच नाही! ऐकणाराला हा खेळ वाटतो, आणि खेळ तर तो आहेच. परंतु या खेळातून एक मोलाची ठेव माणसाच्या हाती नकळत लागली. तिचीच हकीकत आज सांगायची आहे.

या विद्येचा जुना दाखला सापडतो तो बगदादमध्ये. तेथे नवव्या शतकात बनू मूसा या नावाने ओळखले जाणारे तीन विद्वान भाऊ होऊन गेले. पाण्याच्या जोरावर वारा कोंडून बासरी वाजवणारे एक यंत्र त्यांनी वर्णिले आहे. त्यातील मुख्य कल्पना अगदी साधी होती. एक लाटण्यासारखा रूळ घ्यावा, त्यावर ठरावीक जागी खुंट्या ठोकाव्यात आणि तो सावकाश फिरवावा. खुंटी तरफेला लागली की बासरीचे भोक उघडते. खुंटी सरली की मिटते. म्हणजे बोटांचे काम खुंट्यांनी करायचे. पुढे कित्येक शतके ही वाद्ये याच एका युक्तीवर चालली.

युरोपात ही युक्ती राजेरजवाड्यांची चैन बनली. १५९९ साली इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीतर्फे तुर्कस्तानच्या सुलतानाला नजराणा म्हणून एक घड्याळी ऑर्गन धाडण्यात आला. तो नेऊन उभा करण्याची कामगिरी टॉमस डॅलम या तरुण कारागिरावर पडली. समुद्रप्रवासातील उष्म्याने सरस सुटला होता, नळ्या चेपल्या होत्या. डॅलमने परक्या मुलखात बसून सारे पुन्हा जुळवले. मग तिसऱ्या महंमदापुढे ते वाद्य आपोआप वाजले आणि माथ्यावरच्या झुडपातील कृत्रिम पाखरे किलबिलू लागली. सुलतान इतका खूष झाला, की डॅलमने येथेच राहावे म्हणून आग्रह सुरू झाला. तेव्हा या पठ्ठ्याने सांगितले, “घरी बायकामुले वाट पाहत आहेत!” वास्तविक त्याला ना बायको होती, ना मूल. हे त्याने स्वतःच आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे. वाद्य पुढे नष्ट झाले. रोजनिशी तेवढी उरली.

आपल्या देशाचाही या इतिहासाशी एक संबंध आहे, आणि तो सुखाचा नाही. १७९२ साली मराठे, निजाम आणि इंग्रज यांच्याशी तह करून टिपू सुलतानाला निम्मे राज्य सोडावे लागले. त्याच सुमारास घडवलेला त्याचा लाकडी वाघ प्रसिद्ध आहे. गोऱ्या शिपायाच्या उरावर हा वाघ बसलेला आहे. बाजूची मूठ फिरवली की माणसाचा हात वरखाली होतो, तो कण्हतो आणि वाघ गुरगुरतो. वाघाच्या पोटात ऑर्गनच्या पट्ट्याही आहेत. त्या मात्र हातानेच वाजवाव्या लागतात. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि हा वाघ लुटीबरोबर लंडनला गेला. कंपनीच्या कचेरीत येणारेजाणारे त्याची मूठ इतक्यांदा फिरवीत, की शेजारच्या ग्रंथालयात वाचणारे अगदी हैराण होत! ज्या आवाजाने इंग्रजांना धडकी भरावी अशी टिपूची इच्छा, तोच त्यांच्या सुट्टीची करमणूक झाला. आज हा वाघ लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ सालचा. त्यापूर्वी जगात जे जे गायिले-वाजवले गेले, त्याचा आवाज तेव्हा पुन्हा ऐकवता येईल असा कोठेही साठवलेला नव्हता. कागदावर स्वरलिपी होती खरी. पण स्वरलिपी म्हणजे काही वाजणे नव्हे. एखादी हरकत किती झपाट्याने घ्यावी, कोठे थोडे थांबावे, हे कागद पुरते सांगत नाही. येथे खिळे ठोकलेला रूळ मदतीला येतो. थोर संगीतकार हायडन हा हंगेरीतील एस्टरहाझी सरदारांच्या पदरी होता. तेथील ग्रंथपाल प्रिमिटिव्हस नीमेत्झ हा धर्मगुरू बासऱ्या वाजवणारी घड्याळे करी आणि हायडन त्यांच्यासाठी लहान लहान रचना लिही. १७९२ आणि १७९३ साली केलेली अशी घड्याळे आजपर्यंत टिकून आहेत. त्यांना किल्ली दिली, की हायडनच्या हयातीत, त्याच्याच माहितगाराने ठोकलेले खिळे फिरू लागतात आणि त्या काळच्या हरकती-मुरक्या आपल्या कानी पडतात. अशी साक्ष कोणत्याही पुस्तकात मिळायची नाही.

मोझार्टनेही १७९० आणि १७९१ मध्ये अशा यंत्रांसाठी तीन रचना केल्या. त्यांपैकी पहिली, सेनापती लाउडनच्या स्मरणार्थ व्हिएन्नात उभारलेल्या दालनासाठी होती. हे काम त्याला फार कंटाळवाणे झाले होते; पैशांची निकड म्हणून तो ते करीत होता, असे त्याच्या पत्रावरून दिसते. परंतु आज ऑर्गन वाजवणारे याच रचना मोठ्या आदराने वाजवतात.

चैनीची ही वस्तू मध्यम घरांत आली ती स्वित्झर्लंडमुळे. १७९६ साली जिनेव्हाच्या आंत्वान फाव्र या घड्याळजीने घंटा आणि बासऱ्या काढून टाकल्या व त्यांच्या जागी पोलादाचे दाते बसवले. फिरत्या रुळावरील बारीक खिळा दात्याला उचलून सोडतो आणि स्वर उमटतो. पुढे हे दाते फणीसारखे एका ओळीत आले. सँत-क्र्वासारख्या डोंगरी गावांत हा धंदा भरभराटला. एकेका रुळावर हजारो खिळे असत. रूळ केसभर बाजूला सरकला की दुसरी चीज सुरू होई. एकाच रुळावर सहा-आठ चिजा!

या पेटीत एक लहानसा पंखा असतो. तो वेगावर ताबा ठेवतो. तो निकामी झाला, की कमानीचा सारा जोर एकदम सुटतो, रूळ गरगर फिरतो आणि क्षणार्धात खिळे वाकतात, दाते मोडतात. शंभर वर्षे जपलेले गाणे पाच-दहा सेकंदांत कायमचे संपते. जुन्या पेट्यांच्या संग्राहकाला चोरापेक्षा या पंख्याची धास्ती अधिक असते!

यानंतर कागद आला. भोके पाडलेली कागदाची गुंडाळी आणि भात्याचा वारा यांवर पियानो वाजू लागला. १९०४ साली जर्मनीतील फ्रायबुर्गच्या वेल्टे कंपनीने त्याहून पुढची मजल मारली. वादक पियानोवर बसला, की त्याची लय, त्याच्या बोटांचा हलका-जड दाब, हे सारे गुंडाळीवर उतरे. ग्रीग, सँ-साँस, देब्युसी यांनी तिच्यासाठी वाजवले. गुस्ताव माहलरने १९०५ मध्ये वाजवलेल्या गुंडाळ्या हीच त्याच्या वादनाची एकमेव खूण आहे. लाइपझिगच्या हुपफेल्ड कंपनीने तर पियानोच्या डोक्यावर तीन व्हायोलिने उभी केली आणि घोड्याच्या केसांचे गोल फिरते गज त्यांवर चालवले. १९२३ च्या सुमारास अमेरिकेत तयार होणाऱ्या पियानोंपैकी निम्म्याहून अधिक आपोआप वाजणारे होते. आणि मग रेडिओ आला, सुधारलेला ग्रामोफोन आला, १९२९ ची मंदी आली. काही वर्षांतच ही वाद्ये माळ्यावर गेली, भंगारात गेली. १९४४ च्या बाँबहल्ल्यात वेल्टेचा कारखानाही बेचिराख झाला.

जे वाचले ते संग्राहकांच्या वेडामुळे. १९५६ साली हॉलंडमधील उत्रेख्त येथे अशा वाद्यांचे प्रदर्शन भरले आणि त्यातूनच तेथील संग्रहालय उभे राहिले. आज ते जुन्या बूरकर्क चर्चमध्ये आहे आणि तेथे वाद्ये नुसती काचेआड ठेवत नाहीत, वाजवून दाखवतात. यात एक पेच आहे. वाद्य वाजवावे, तर ते झिजते. न वाजवावे, तर ते मुके खोके ठरते. नाणे न खर्चता नाणेच राहते, तिकीट न चिकटवता तिकीटच राहते. पण गाण्याचे तसे नाही. ज्याला हा पेच रात्रंदिवस छळतो तो खरा संग्राहक. जो फक्त किंमत सांगतो तो व्यापारी.

हे वाचताना आपल्याकडची आठवण येणे साहजिक आहे. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, अल्लादियाखाँसाहेब १९४६ साली गेले. दोघांचीही ध्वनिमुद्रिका मागे नाही. आपल्या गाण्याला खिळे ठोकता आले नसते, कारण आपला गवई एकच राग आज गातो तसा उद्या गात नाही. मग ते उरले कसे? खाँसाहेबांनी केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यात ते ठेवले. वर्षानुवर्षे समोर बसवून, एकेक तान घोटून घेऊन ठेवले. खिळा जसेच्या तसे जपतो, शिष्य वाढवून जपतो. परंतु दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच आहे. रोज कोणीतरी किल्ली द्यावी लागते, रोज कोणीतरी तंबोरा जुळवावा लागतो.

आपोआप वाजणारे वाद्य म्हणून त्याची ख्याती; पण खरे पाहता आपोआप असे काहीच वाजत नाही. तेव्हा या दिवाळीत माळा झाडताना आजोबांची पेटी, आजीच्या ओव्यांची वही किंवा जुना चावीचा ग्रामोफोन हाती लागला, तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी क्षणभर थांबावे. मुलांना जवळ बोलवावे आणि ते एकदा वाजवून, निदान एकदा म्हणून पाहावे.